सूपभर कोंड्याचा देशमुख

हिवरखेड्याच्या देशमुखांचा एकुलता एक वारस कलाबाईनं सूपभर कोंडा देऊन विकत घेतला होता. ही काही लपूनछपून झालेली गोष्ट नव्हती. एक्केचाळीस सालच्या माघात, भर सकाळी, अर्ध्या गावासमोर झाली होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

झालं असं, की नारायणराव देशमुखांना लागोपाठ चार मुलं झाली आणि चारही वर्षाच्या आत गेली. पाचवं झालं तेव्हा घरातल्या जाणत्यांनी सांगितलं, हे पोर आपलं म्हणायचंच नाही. बाराव्या दिवशी बाळाला जुनेरात गुंडाळून गढीमागच्या उकिरड्यावर ठेवलं. ठरल्याप्रमाणे महारवाड्यातली कलाबाई तिथून चालली. तिनं मोठ्यानं विचारलं, “हे पोरगं कोनाचं हाय?” देशमुखांच्या घरचे सगळे तोंड फिरवून म्हणाले, “कोनाचंच नाही. कचरा हाय.” तिनं सूपभर कोंडा तिथं ओतला आणि पोर उचललं. थोड्या वेळानं देशमुखांनी ते तिच्याकडून सांभाळायला म्हणून मागून घेतलं. म्हणजे मालकी कलाबाईची आणि सांभाळ देशमुखांचा. मरण पुन्हा गढीत शोधत आलंच, तर तिथं देशमुखांचं पोरच नव्हतं. होता तो कलाबाईचा कचरू. बारशाचं नाव हंबीरराव ठेवलं, पण त्या नावानं हाक मारायला सगळेच भीत.

आता यातली गंमत बघा. कलाबाईचा हात लागला म्हणून ते पोर जगणार होतं, आणि कलाबाईचा हात लागला म्हणून गढीत नेल्याबरोबर त्याला आधी आंघोळ घातली गेली. एकाच माणसाला एकाच सकाळी या दोन्ही गोष्टी पटतात, याचं नवल करावं तेवढं थोडंच. कलाबाईनं नवल केलं नाही. ती वीस वर्षांची होती, घरी तीन वर्षांचा सहदेव रडत होता आणि तिला परत जायची घाई होती.

पोर मात्र जगलं. दर माघात त्याला कलाबाईसमोर उभं करायचे. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून तीनदा “माहा हाय” म्हणायचं, मग तिला लुगडं आणि पायलीभर ज्वारी मिळायची. पहिली काही वर्षं ती हे नुसतं ज्वारीसाठी म्हणत होती. पोर सहा-सात वर्षांचं झालं आणि एक दिवस आपल्या पायांनी महारवाड्यात येऊन तिच्या ओट्यावर बसलं. “माय, भाकर दे,” म्हणालं. गढीतल्या आईला ते आईसाहेब म्हणायचं, हिला माय. कलाबाई घाबरली, दार लोटून घ्यावं की काय असं तिला झालं. पण पोर भुकेलं होतं. तिनं भाकर दिली, वर मिरचीचा ठेचा दिला, आणि त्या दिवसापासून “माहा हाय” म्हणताना तिचा आवाज बदलला.

मग छप्पन्न साल आलं. कलाबाईचा नवरा भाऊराव नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, पाठोपाठ सगळ्या वाड्यानं घेतली. घरातले देव नदीत गेले, मरीआईला पाणी घालणं बंद झालं, वाडा बौद्धवाडा झाला. पुढच्या माघात गढीवरून बोलावणं आलं तेव्हा कलाबाईनं निरोप धाडला, की आता आम्ही हे पाळत नाही, लुगडं ठेवून घ्या. निरोप धाडला खरा, पण तो दिवस तिचा फार वाईट गेला. कारण त्याच हिवाळ्यात पंधरा वर्षांच्या कचरूला ताप भरला होता आणि त्याचे सांधे सुजले होते. एक गुडघा उतरला की दुसरा सुजायचा. गढीवर निरगुडीच्या पाल्यानं शेकत होते. महिन्याभरात तो उठला, हिंडूफिरू लागला, सगळे विसरले. कलाबाई विसरली नाही. आपण हात काढला आणि पोर पडलं, हा विचार तिच्या मनात घर करून बसला. भाऊरावाला हे सांगायची सोय नव्हती. तो तिला वेड्यात काढता, आणि त्याचं बरोबरच असतं.

कचरू दिसायला राजबिंडा निघाला. उंच, गोरा, घोडीवर बसला की देऊळगाव राजाच्या बाजारात लोक वळून बघायचे. देशमुखांची अर्धीअधिक जमीन कायद्यानं गेली होती, पण ऐट कायद्यानं जात नाही. औरंगाबादला कॉलेजात एक वर्ष काढून तो परत आला, म्हणाला, करमत नाही. खरं कारण त्या कॉलेजचे तीन जिने होते, हे फार पुढं कळलं.

तो अजूनही कलाबाईकडं यायचा, भाऊरावाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, उघड्यावर बसून भाकर खायचा. नारायणराव हे माहीत नसल्यासारखं करायचे. गढीकडून बौद्धवाड्याकडं येणारी वाट थोडी चढाची आहे. कलाबाई ओट्यावर निवडत-टिपत बसलेली असली की तिला ती सगळी दिसायची. पूर्वी पोर ही वाट पळत चढायचं. मग तो मधे एकदा लिंबाखाली थांबू लागला. बुटाची नाडी सुटली असं दाखवून खाली बसायचा. कलाबाईनं ते मनात धरलं. त्रेसष्ट सालच्या होळीच्या सुमारास तो चारदा थांबू लागला. चार वेळा नाडी सुटते असा बूट जगात नसतो. ओट्यावर पोचला की हसत म्हणायचा, “काय उन्हाळा पडून राह्यला, माय.” ओठ निळसर पडलेले असायचे. ती त्याला पाणी द्यायची आणि त्याचं बोलणं ऐकण्याऐवजी त्याचा श्वास ऐकत बसायची.

तिचा सहदेव तेव्हा जालन्याच्या एका मिशन दवाखान्यात कंपाउंडर होता. पाडव्याला तो घरी आला तेव्हा तिनं त्याला बाजूला घेतलं.

“कचरूले काय झालं हाय?”

सहदेव म्हणाला, “त्यानं मले शपथ घातली हाय.”

“मंग मोड.”

सहदेवानं मोडली. महिन्यामागं कचरू जालन्याला घोड्याचं खोगीर बघायला म्हणून आला होता, तेव्हा सहदेवानं त्याला आपल्या डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं होतं. लहानपणच्या त्या सांध्यांच्या तापानं हृदयाची एक झडप आकसली होती. रक्त पुढं सरकत नव्हतं, मागं फुप्फुसात तुंबत होतं. मुंबईला ऑपरेशन करतात, छाती उघडून बोटानं झडप मोकळी करतात. नाही केलं तर वर्ष, फार तर दीड वर्ष. “त्याले रातचं आडवं झोपता येत नाही, माय. भिंतीले टेकून बसून झोपतो. घरी कोनाले माहीत नाही.”

“आन् ऑपरेशन केलं तर?”

“बहुतेक वाचतात. दहातले एक-दोन टेबलावरच जातात.” सहदेव खाली बघत म्हणाला. “त्याले तेच आठवते. बाकीचे आठ त्याले दिसत नाहीत.”



अशात गढीवरून बोलावणं आलं. कचरूचं लग्न ठरलं होतं, देऊळगाव राजाकडची मुलगी, वैशाखातली तारीख. आता रीत अशी, की विकलेलं पोर लग्नाआधी सोडवून घ्यावं लागतं. नाहीतर तो दुसऱ्याच्या घरचा ठरतो आणि घरच्या देवकापुढं त्याला बसता येत नाही. सोडवून घ्यायची रीत साधी होती. कलाबाईनं चार माणसांत त्याचा हात देशमुखांच्या हातात द्यायचा आणि “घ्या तुमचं तुमाले” म्हणायचं. एवढ्या तीन शब्दांवाचून हिवरखेड्याच्या देशमुखांचं लग्न अडलेलं होतं. सात वर्षं तिला कुणी विचारलं नव्हतं. आता बैठकीवर बोलावून नारायणराव तिच्याशी गोड बोलत होते.

“परवा दिवस चांगला आहे, कले. पोराले सोडवून घेतो.”

घरून निघताना कलाबाईनं काही ठरवलेलं नव्हतं, पण ते शब्द तिच्या तोंडून निघाले. “नाही देत मी, दादासाहेब.”

“काय म्हनलीस?”

“त्याच्या छातीची झडप खराब झाली हाय. आधी मुंबईले न्या, ऑपरेशन करून आना. मंग घ्या सोडवून. तोवर पोरगा माहा हाय.”

नारायणराव आधी हसले. त्यांना वाटलं, बाईला जास्तीचं काही हवं आहे. मग त्यांच्या लक्षात आलं, की ही खरंच बोलते आहे, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. पोर ठणठणीत आहे, घोडी भरधाव फेकतो, त्याला काय धाड भरली आहे? हे असलं लग्नघरात बोलून मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर? शेवटी त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “तू तर आता बुद्ध झालीस. तुले हे असलं चालते काय?”

“मले नाही चालत,” कलाबाई म्हणाली. “तुमाले चालते, म्हनून तर बोलून राह्यली.”

आणि ती निघून आली. वाटेवर लिंबाखाली तिलाच बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भाऊरावाला देशमुखांच्या मोसंबीच्या बागेतल्या कामावर येऊ नको म्हणून निरोप आला. गावात बायका म्हणू लागल्या, कली मातली. म्हणू लागल्या, पोराच्या लग्नात आडवी पडली, तळतळाट घेईल. आणि भाऊराव तरी खूश होता का? तो वेगळ्याच बाजूनं पेटला.

“आपन बावीस प्रतिज्ञा घेतल्या,” तो म्हणाला. “त्यात हे उकिरड्याचं कुठं बसते? देवाधर्माच्या नावानं त्याइनं आपल्याले नाडलं, आन् आता तूच त्याइच्या रिवाजावर मालकी सांगून राह्यली. लोकं काय म्हनतीन?”

“कुठंच नाही बसत,” कलाबाईनं कबूल केलं. “पन माह्याजवळ दुसरं हाय काय? म्या सांगितलं, पोरगा बिमार हाय, तं कोनी आयकलं? एवढी एकच गोष्ट हाय जी ते माह्याकडून आयकतीन.”

भाऊरावाला पटलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्याच्या विहिरीच्या खोदकामावर जाऊ लागला आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. ह्याला मी तरी लहान गोष्ट म्हणणार नाही.

कचरू आला तो चिडूनच. त्या दिवशी तो पाच वेळा थांबला. ओट्यावर बसून श्वास जाग्यावर आल्यावर म्हणाला, “काऊन असं केलं, माय? सहदेवानं सांगितलं ना तुले?”

“हाव.”

“मंग आयक. मी लगीन करतो. वर्ष भेटन, दोन वर्षं भेटतीन. घोडीवर बसीन, बायको येईन घरात. कोन्या टेबलावर अनोळखी मानसांइच्या मधे उघडा पडून मराले मी काई जात नाही. सोडून दे मले.”

“भेव वाटते काय?”

तो बावीस वर्षांचा देशमुख होता. त्याच्या घराण्यात या प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नव्हती. त्यानं आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि मान हलवली. “लय वाटते.”

“मलेबी वाटते,” कलाबाई म्हणाली. “तू तिकडं गेला आन् काई झालं, तं गावाच्या आधी मीच मले खाईन. पन इथं तुले रोज पाहू कशी? त्या मुलीचं काय? तिले काय सांगून आनशीन?”

त्या मुलीचा विचार त्यानं केलेला नव्हता. तरुण माणसं मरणाचा विचार करतात तेव्हाही फक्त स्वतःचाच करतात. तो उठून गेला, आणि त्या दिवशी भाकरही खाल्ली नाही.

असे बारा दिवस गेले. लग्न तीन आठवड्यांवर आलं, गढीवर मांडवाचे खांब येऊन पडले. कलाबाईला वाटे, आज देऊन टाकू. आपण कोण? रीत खोटी आहे हे आपल्याला ठाऊक आहे. मग खोट्या मालकीवर आपण एका आईच्या पोराला मरणाच्या दारात ढकलतो आहोत. लगेच दुसरं मन म्हणे, आणि रीत खरी असली तर? दीक्षा घेतलेल्या बाईनं असं म्हणू नये, पण मन म्हणायचं. सगळ्या बाजूंनी दोष आपल्याच पदरात पडतो आहे असं तिला दिसत होतं. तिचं जेवण सुटलं.

तेराव्या दिवशी कचरूच्या आईसाहेब, सत्यभामाबाई, स्वतः आल्या. देशमुखांच्या सुनेनं बौद्धवाड्यात पाय ठेवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. वाड्यातल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. सत्यभामाबाई ओट्यावर चढल्या नाहीत. खालीच उभ्या राहून त्यांनी पदर पसरला.

“कले, तुले हात जोडते. चार पुरले म्या. हा एक राह्यला. तू धरम बदलला आन् त्याच हिवाळ्यात त्याचे सांधे धरले. तुहा हात होता तोवर त्याले काई नव्हतं. आता तुहा हातबी नाही आन् आमचाबी नाही, पोरगा अधांतरी लटकून राह्यला. म्हनून त्याले दम लागते. आमचा आमाले देऊन टाक, तो बरा होईन.”

म्हणजे दम लागतो हे आईला ठाऊक होतं. बापाला दिसलं नसेल, आईला दिसलं होतं. आणि कलाबाई सात वर्षं जे एकटीनं मनात चावत बसली होती, ते त्या बाईनं सगळ्या वाड्यासमोर बोलून टाकलं. कलाबाईला क्षणभर वाटलं, हिच्या पाया पडावं आणि म्हणावं, हो, माझ्यामुळंच झालं.

तेवढ्यात वाटेवर कचरू दिसला. आई इकडं आल्याचं कळून तो घाईनं निघाला होता, आणि घाई त्याला झेपत नव्हती. दोघी बायका बोलायच्या थांबल्या. तो लिंबाखाली बसला. उठला. पुन्हा थांबला. सत्यभामाबाई गढीतून बाहेर कधी निघत नव्हत्या. आपलं पोर ही वाट कशी चढतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. कचरू आला आणि ओट्याच्या कडेला कोसळल्यासारखा बसला.

“बाईसाहेब, वर या,” कलाबाई म्हणाली. “त्याच्या पाठीले कान लावा.”

“माय, काय तमाशा लावला हाय,” कचरू धापा टाकत म्हणाला.

“तू गप. बाईसाहेब, लावा कान. इथं, खाली, बरगडीच्या शेवटाले.”

सत्यभामाबाई ओट्यावर चढल्या. मिशी फुटलेल्या पोराला जवळ घ्यायची देशमुखांत चाल नव्हती; त्यांनी त्याला किती वर्षांत शिवलं नव्हतं कोण जाणे. त्या गुडघ्यावर बसल्या आणि सदऱ्यावरून त्याच्या पाठीला कान लावला. तव्यावर मीठ तडतडावं तसा बारीक आवाज प्रत्येक श्वासासरशी आत होत होता. कलाबाईनं तो पाडव्यानंतर एकदा ऐकला होता आणि पुन्हा ऐकायची तिला हिंमत झाली नव्हती. सत्यभामाबाई फार वेळ तशाच राहिल्या. कचरूनं हसून लपवायचं सोडून दिलं.

“पानी हाय आत,” कलाबाई म्हणाली. “माह्या हातानं आलं नाही ते, आन् तुमच्या हातानं जानार नाही. सहदेवाले इचारा. डॉक्टरीणबाईले इचारा. मंग तुमाले वाटन तं मी आत्ता देते तुमचं तुमाले.”

सत्यभामाबाई उठल्या. त्यांनी पोराचा हात धरला, सात वर्षांच्या मुलाचा धरावा तसा, आणि त्याच्या पावलानं थांबत थांबत त्याला उतारावरून घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी गढीवर काय झालं ते बाहेर आलं नाही. चौथ्या दिवशी नारायणराव, सत्यभामाबाई आणि कचरू जालन्याच्या मोटारीत बसले. तिथून सहदेव रजा काढून त्यांच्याबरोबर मुंबईला गेला. मांडवाचे खांब गढीपुढं तसेच पडून राहिले.

निघताना कचरू वाड्यात येऊन गेला. “येतो, माय,” म्हणाला. कलाबाई म्हणाली, “ये.” 

मग वाट बघणं सुरू झालं. ऑपरेशन मंगळवारी, एवढं सहदेवानं कळवलं होतं. मंगळवार गेला. बुध गेला. गुरुवारी सकाळी दुसरबीडहून टपालवाला सायकलवर आला आणि त्यानं भाऊरावाच्या नावची तार दिली. बौद्धवाड्यात आलेली ही पहिली तार. त्या काळी तार म्हणजे मरणच. टपालवाला देखील मान खाली घालून गेला. तारेतला मजकूर इंग्रजी होता. गावात इंग्रजी येणारे दोनच, एक मुंबईला टेबलावर आणि दुसरे शाळेचे मास्तर. आणि मास्तर देऊळगाव राजाला मीटिंगला गेले होते. ते येणार चारच्या मोटारीनं.

कलाबाई ती तार मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. भाऊराव म्हणाला, आत चल. ती हलली नाही. गढीवरचे गडी दुरून बघून जात होते. बायका जमल्या, काहींनी आधीच डोळ्याला पदर लावला. कलाबाई कागदाकडं बघत राहिली; तीन ओळी होत्या. बातमी वाईट असेल तर किती ओळी लागतात, चांगली असेल तर किती, याचा ती अंदाज करत होती. नुसतं ‘गेला’ म्हणायला एवढ्या ओळी कशाला लागतील, असं तिला वाटे. लगेच वाटे, मोठ्या माणसाचं मरण आहे, जास्त लागतही असतील. दुपारचं ऊन तिच्या अंगावर आलं आणि गेलं.

मास्तर मोटारीतून उतरले तसं त्यांना बौद्धवाड्याकडं जवळजवळ ओढतच आणलं. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, “ऑपरेशन झालं. हंबीररावांची तब्येत चांगली. काळजी नसावी.” मग ते पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. वाड्यात एकच गलका झाला. कलाबाईनं मास्तरांकडून तार परत घेतली, घडी केली आणि मग मात्र ती जागच्या जागी आडवी झाली. तिला शुद्धीवर आणायला कांदा हुंगवावा लागला.

कचरू महिन्या-दीड महिन्यानं परत आला. छातीवर डाव्या बाजूला, बगलेपासून पुढं वळलेली जखमेची लांब खूण. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, झडप मोकळी झाली आहे, पण हे हृदय नवं नाही; दोन वर्षं लग्नाचं नाव काढू नका, जपून राहा, औषध चुकवू नका. मुलीकडच्यांनी सोयरीक मोडली. नारायणरावांना त्याचा चटका बसला; कचरूला नाही. तो आता वाट न थांबता चढत होता, आणि वर येऊन मुद्दाम दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहायचा. रात्री पाठ टेकून झोपतो, हे त्यानं कलाबाईला असं सांगितलं जसं काही एखादी सुभेदारी मिळाली आहे.

कलाबाईनं शब्द दिला होता, म्हणून ती आपण होऊन गढीवर गेली. म्हणाली, आता घ्या सोडवून. कचरूच म्हणाला, “लगीन ठरंन तवा पाहू. आता काय घाई हाय?” नारायणरावांनी हो-ना केलं नाही. भाऊरावाला बागेतलं काम परत मिळालं. सोडवून घ्यायचं मात्र राहूनच गेलं.

असे सोळा महिने गेले. लोक म्हणतील, मग काळजी संपली. काळजी संपली नाही, तिनं फक्त जागा बदलली. रोज सकाळी उठलं की कलाबाई आधी गढीच्या दिंडीदरवाज्याकडं बघायची. दिंडी उघडी असली, घोडीला पाणी पाजताना तो दिसला, की मग चूल पेटवायची. तो दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून गढीवरून चक्कर मारायची. त्याला ते कळायचं. “जित्ता हाय, माय,” असं तो माडीवरून ओरडायचा. ती रागवायची. असं बोलू नये, म्हणायची. त्या वर्षी तो जिल्हा परिषदेच्या रस्त्याच्या कामावर देखरेख करायला जाऊ लागला, सहदेवाच्या लग्नात बौद्धवाड्यात पंगतीला बसला, आणि त्यावरून बापाशी पहिल्यांदा तोंडावर भांडला. बावीस वर्षांत जगला नव्हता तेवढं तो त्या सोळा महिन्यांत जगला.

चौसष्ट सालच्या कार्तिकात, एका सकाळी, कलाबाई उठली तेव्हा दिंडी बंद होती. घोडी बाहेर नव्हती. पण गढीतून कसलाही आवाज नव्हता, आणि वाईट काही घडलं असतं तर गढीतल्या बायकांचं रडणं अख्ख्या गावाला ऐकू आलं असतं. एवढ्यावर तिनं मन घट्ट केलं. चूल पेटवावी म्हणून ती वळली आणि पुन्हा तिनं मागं बघितलं. दिंडीचं दार किलकिलं झालं होतं. त्यातून सत्यभामाबाई बाहेर आल्या. एकट्या, अनवाणी. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता आणि तो सावरायचं त्यांना भान नव्हतं.

कलाबाई त्यांना चढ चढताना बघत उभी राहिली. पाच-सात मिनिटांची वाट. तेवढ्यात तिनं सगळी उत्तरं मनात जुळवली. सोडवून घेऊ दिला नाहीस म्हणून गेला, असं त्या म्हणतील. ऑपरेशन करवलंस म्हणून गेला, म्हणतील. धर्म बदललास म्हणून गेला. म्हणू देत. आपण मान खाली घालून ऐकून घ्यायचं, कारण यातलं काय खोटं आहे हे आपल्यालाही नक्की ठाऊक नाही.

सत्यभामाबाई ओट्यावर चढल्या आणि खाली बसल्या.

“कलाबाई,” त्या म्हणाल्या, “पहाटे झोपेतच गेला. पाठीवर झोपला होता. म्या हात लावला तं गार.”

कलाबाई भिंतीला धरून खाली बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. डोकं भलत्याच गोष्टीत अडकलं होतं, आणि तिनं तेच विचारलं. “मंग गढीतून रडनं कसं नाही आलं, बाईसाहेब? मी तं कानच लावून होती.”

“म्याच समद्याइले थांबवलं,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “म्हनलं, कोनी गळा काढू नका. आधी त्याच्या मायले कळू द्या.”

मग कलाबाई रडली. तो आवाज उतारावरून गढीपर्यंत गेला आणि मग तिकडून बाकीच्यांचा आला.